‘लास्ट किती?’ या प्रश्नाला आमचं उत्तर

केडगावहून आम्ही बोलतोय. दुपारची वेळ आहे. कुणाच्या हातात सुई-दोरा असेल, कुणापुढे निवडायची मेथी असेल. हात चालू द्या, कान तेवढे इकडे असू द्या. आज विषय आपल्या रोजच्या कामाचा आहे. भावाची घासाघीस.

आमच्या बचत गटाचं केडगावात एक लहानसं दुकान आहे, छंदाच्या सामानाचं. एकच गाळा. आत लोकरीचे गुंडे, क्रोशाच्या सुया, भरतकामाचे धागे नि रिंगा, मोती, टिकल्या, लेस, रांगोळीचे साचे, मुलांच्या शाळेच्या प्रकल्पाला लागणारे रंगीत कागद. पुढच्या दांडीवर गटातल्या बायकांनी केलेली तोरणं, रुमाल, बाळाचे मोजे आणि टोपडी. दुकानात रोज दोघी बसतात, पाळीपाळीनं.

दुकान उघडल्यापासून सर्वांत जास्त वेळा कानावर पडलेला प्रश्न कोणता, तर ‘ताई, लास्ट किती?’ वस्तू हातात घ्यायच्या आधी हा प्रश्न येतो. मोबाइलवर फोटो टाकला तरी खाली हाच प्रश्न. सुरुवातीला आम्हाला त्याचा राग यायचा. आता येत नाही. राग का जायला पाहिजे आणि उत्तर काय द्यायचं, ते आज सांगतो.

एका तोरणाची गोष्ट

नवरात्रात केडगावच्या रेणुकामातेच्या दर्शनाला केवढी गर्दी लोटते, ते नगरकडच्या बायकांना सांगायला नको. त्या दिवसांत आम्ही दुकानाबाहेर टेबल मांडतो. एका वर्षी एक क्रोशाचं तोरण टांगलं होतं. मोत्यांचं, बारीक कामाचं. भाव सांगितला चारशे ऐंशी. एक बाई आल्या, तोरण उलटसुलट करून पाहिलं नि म्हणाल्या, “अडीचशेला द्या. तिकडं मशीनचं दीडशेला भेटतंय.”

टेबलावर आमची जी मैत्रीण होती, ती स्वभावानं भिडस्त. भोवती गर्दी, मागून आणखी बायका बघतायत. तिला वाटलं, गिऱ्हाईक हातचं जायला नको. दिलं अडीचशेला. संध्याकाळी पैसे मोजले तेव्हा गल्ला भरलेला दिसला, म्हणून सगळ्या खूश होतो. ज्या ताईंनी ते तोरण विणलं होतं, त्या मात्र गप्प होत्या. नंतर हळूच म्हणाल्या, “मला किती येणार यातले?”

मग वही काढून बसलो आणि हिशोब मांडला. तो तुम्हालाही मांडून दाखवतो. जवळ कागद असेल तर लिहून घ्या.

तोरणाला दोरा लागला नव्वद रुपयांचा. मोती चाळीसचे. आतली पट्टी पंधराची. पिशवी पाचची. झाले दीडशे. दुकानाचं भाडं, वीज यातला या वस्तूच्या वाट्याला येणारा भाग सोळा रुपये धरला. झाले एकशे सहासष्ट. विणायला वेळ लागला सहा तास.

आता सहा तासांचे पैसे किती धरायचे? इथंच आपण बायका अडतो. ‘घरबसल्याच तर केलंय’ म्हणतो नि शून्य लिहितो. आम्ही एक माप ठरवलं. रोजगार हमीच्या कामाची मजुरी महाराष्ट्रात २०२५-२६ या वर्षासाठी दिवसाला ३१२ रुपये होती. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३९ रुपये होतात. क्रोशा येणं ही कला आहे, तिला याहून जास्त मिळायला हवं. पण निदान माती उचलायची जी मजुरी, तिच्या खाली तरी उतरायचं नाही, एवढं आम्ही ठरवलं. सहा तासांचे २३४ रुपये. सगळं मिळून बरोबर चारशे.

म्हणजे ते तोरण आम्हालाच चारशेला पडलं होतं. अडीचशेतून एकशे सहासष्ट गेले, तर उरले चौऱ्याऐंशी. सहा तासांना चौऱ्याऐंशी. तासाला चौदा रुपये.

चौदा रुपये ऐकल्यावर कुणी काही बोललं नाही. त्या ताई दोन रात्री मुलं झोपल्यावर विणत बसल्या होत्या. अडीचशेला मागणाऱ्या बाईंचा यात दोष नाही, हे लक्षात घ्या. त्यांनी मागून पाहिलं. आपणही भाजीवालीकडे मागतोच की. चूक आमची होती. कुठवर उतरायचं हे आम्हालाच ठाऊक नव्हतं.

‘एकच भाव’ची पाटी लावून पाहिली

पुढच्या बैठकीत दोन तट पडले. काहीजणी म्हणाल्या, ‘एकच भाव’ अशी पाटी लावा नि विषय संपवा. आम्ही लावलीही.

ही पाटी जगात नवी नाही. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात क्वेकर नावाच्या पंथाचे व्यापारी घासाघीस करत नसत. जो भाव घ्यायचा नाही तो तोंडानं सांगणं म्हणजे खोटं बोलणं, असं ते मानत. पुढे एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या ‘बों मार्शे’सारख्या मोठ्या दुकानांनी प्रत्येक वस्तूवर भावाची चिठ्ठी लावली. त्यामागे सचोटी होती, तशी सोयही होती. मालक स्वतः गल्ल्यावर असतो तेव्हा तो घासाघीस करू शकतो. पण पुष्कळ नोकर विकायला लागले की कोण किती उतरेल याचा भरवसा काय? आमचंही तसंच झालं होतं. सोमवारी बसणारी बाई कडक, तर मंगळवारची मऊ. गिऱ्हाइकांनीही ते ओळखलं होतं. बरोबर मंगळवारी यायची!

पाटीमुळे एक गोष्ट फार चांगली झाली. शाळेच्या मुली, लाजऱ्या सुना, पहिल्यांदाच दुकानात आलेल्या बायका, यांना भाव करता येत नाही. आधी अशा बायका सांगितलेला पूर्ण भाव देऊन जायच्या आणि बोलायला खमकी असलेली बाई तीच वस्तू कमी पैशांत न्यायची. जिला बोलता येत नाही तिनं जास्त पैसे मोजायचे, हा कुठला न्याय? पाटीनं ते थांबलं.

पण दुसरीकडे माल पडून राहू लागला. गडद जांभळी लोकर कुणी नेईना. उन्हानं विटलेली लेस तशीच. तोरणाला हात लावून बायका पाटी वाचायच्या आणि न बोलता निघून जायच्या. आणि त्या निघून का गेल्या, त्यांना किती परवडलं असतं, हे आम्हाला कळायचा मार्गच बंद झाला. गिऱ्हाईक भाव मागतं तेव्हा ते आपल्याला काहीतरी सांगत असतं. पाटीनं तेच थांबवलं होतं.

बोहारीण काय शिकवते

मग आम्हाला आठवली बोहारीण. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी. दारात बसली की अर्धी गल्ली गोळा होते. तिचं बोलणं आठवा. “दोन साड्यांत पातेलं नाही येत ताई, वर एक पँट टाका.” आपण म्हणतो, “पँट नाही, शर्ट घे.” ती शर्ट उजेडात धरते, कॉलर बघते, परत ठेवते. कधी टोपली उचलून चालायलाही लागते.

नीट पाहिलं तर तिच्याकडे तीन गोष्टी पक्क्या असतात. पातेलं आपल्याला कितीला पडलं हे तिच्या डोक्यात असतं. आपल्या जुन्या कपड्याला पुढे काय येईल, हेही तिला ठाऊक असतं. आणि पटलं नाही तर उठून जायची तिची खरोखर तयारी असते. आणखी एक, ती सहसा नुसतं खाली उतरत नाही. वर काहीतरी मागते.

तिला शाळा नसेल, पण भावाची तळरेघ तिच्या मनात कोरलेली असते. आमच्याकडे वही होती, पेन होतं, पण रेघच नव्हती.

रुमालाखालचा सौदा आणि उघडा सौदा

आणखी एक आठवण आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. जनावरांच्या बाजारात बैलाचा सौदा कसा व्हायचा? दोघांचे हात रुमालाखाली किंवा उपरण्याखाली. आत बोटं दाबून भाव ठरायचा. बाहेर उभ्या असलेल्याला काही कळायचं नाही. कधीकधी ज्याचं जनावर त्यालाही कळायचं नाही की दलालांनी आपसात काय ठरवलं. शेतमालातही असे झाकलेले सौदे चालत. त्यात ज्याला बाजाराची माहिती कमी, तो बुडायचा.

हे बदलावं म्हणून कायदे झाले. मुंबई प्रांतात १९३९ मध्ये, पुढे महाराष्ट्र राज्याचा १९६३ मध्ये. बाजार समित्यांमध्ये उघड लिलावाची पद्धत रुजली. आमच्या शेजारी नेप्तीच्या उपबाजारात कांद्याचा लिलाव होतो, तो पाहा. व्यापारी मोठ्यानं बोली लावतात आणि सगळे ऐकतात. तिथंही भाव गिऱ्हाईकच सांगतं. पण तो चारचौघांत सांगतं. भाव पाडला असं वाटलं तर शेतकरी ओरडतो तेही चारचौघांत.

यावरून आम्ही ठरवलं. गिऱ्हाइकाला भाव सांगू द्यायचा, पण उघड. सूट द्यायची तर तिचं कारण भिंतीवर लिहिलेलं असावं.

आमची पद्धत

आता प्रत्यक्षात काय करतो ते क्रमानं सांगतो.

पहिलं काम, मालाचे तीन ढीग केले.

पहिला ढीग पाकिटबंद मालाचा. त्यावर किंमत छापलेली असते, एमआरपी. ही सर्व करांसह जास्तीत जास्त किंमत. वैध मापनाचा २००९ चा कायदा आणि २०११ चे पाकिटबंद मालाचे नियम सांगतात की त्याच्या वर एक रुपयाही घ्यायचा नाही. खाली विकायला मोकळीक आहे. कुणी दुकानदार जास्त मागत असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर लक्षात ठेवा. हा नियम आपल्यालाही लागू आहे. संक्रांतीला मोत्यांची मागणी वाढली म्हणून छापील किमतीच्या वर भाव चढवायचा नाही.

या ढिगात आम्ही घासाघीस करत नाही. कारण ऐका. एक लोकरीचा गुंडा आम्हाला पंचेचाळीसला पडतो, साठला विकतो. नफा पंधरा. कुणी म्हणतं, दहाच टक्के तर कमी करा. साठाचे दहा टक्के म्हणजे सहा रुपये. ते सहा जातात आमच्या पंधरातून. राहिले नऊ. म्हणजे गिऱ्हाइकाला दहा टक्के वाटतात, ते आमच्या नफ्याचे चाळीस टक्के असतात. आधी तीन गुंडे विकून पंचेचाळीस रुपये मिळायचे, आता तेवढ्यासाठी पाच गुंडे विकावे लागतील. हे गणित गटातल्या प्रत्येकीला तोंडपाठ करायला लावलं. ‘दहाच टक्के’ ऐकलं की आता कुणी पटकन मान हलवत नाही.

दुसरा ढीग पडून राहिलेल्या मालाचा. विटलेली लेस, एकेकटे उरलेले गुंडे, तुटक्या संचातल्या सुया. याची एक टोपली केली नि वर लिहिलं, ‘बोला, काय देता?’ इथं गिऱ्हाइकानंच भाव सांगायचा. आम्ही बहुतेक वेळा हो म्हणतो, अगदी खरेदीच्या खाली सुद्धा.

खरेदीच्या खाली विकायचं म्हटल्यावर गटात आधी पुष्कळ विरोध झाला. मग हिशोब केला. समजा, पाच हजारांचा माल वर्षभर फळीवर पडून आहे. आपल्या गटात कर्जाला दरमहा शेकडा दोन व्याज. पाच हजारांना महिन्याला शंभर, वर्षाला बाराशे. तेवढे पैसे फळीवर बसून आपलेच खातात. वर लोकरीला कसर लागते, लेस पिवळी पडते. त्यापेक्षा आज आलेले पैसे घेऊन चालणारा रंग आणलेला बरा.

तिसरा ढीग आमच्या बायकांच्या हातच्या कामाचा. खरा प्रश्न इथंच आहे. इथं प्रत्येक वस्तूच्या मागच्या चिठ्ठीवर दोन आकडे लिहितो. एक सांगायचा भाव, तो उघड आकड्यात. दुसरा तळाचा भाव, तो खुणेच्या अक्षरांत, म्हणजे बसणाऱ्या दोघींनाच कळेल असा. कापडवाले पूर्वीपासून अशी खूण वापरत आले आहेत. तोरणाचा सांगायचा भाव चारशे ऐंशी, तळ चारशे. मधले ऐंशी रुपये गटाचा नफा. त्यातून न विकलेला माल, खराब झालेला दोरा, नवी खरेदी भागते.

म्हणजे घासाघीस होईल ती या ऐंशी रुपयांत. चारशेच्या खाली सुरू होते ती विणणारीची मजुरी. गटाला आपल्या नफ्यातलं थोडं सोडता येईल. दुसरीची रात्र आपण तिच्या वतीनं सोडून देऊ शकत नाही. आमच्या सगळ्या पद्धतीचं सार एवढंच आहे, मैत्रिणींनो.

सांगायचा भाव फुगवून ठेवायचा मोह होतो. सातशे सांगू, पाचशेला देऊ, गिऱ्हाईकही खूश. हे आम्ही करत नाही. कारण सातशे ऐकूनच साधी बाई परत जाते, आणि न बोलणारी सातशे देऊन जाते. ती पुढे शेजारणीकडे तेच तोरण पाचशेला आलेलं बघते. मग ती पुन्हा येत नाही.

सूट कुणाला, ते भिंतीवर

भिंतीवर आम्ही पाच कारणं लिहून लावली आहेत. तीन किंवा जास्त वस्तू एकदम घेतल्या तर. वस्तूत काही खोट असेल तर. शाळा, अंगणवाडी किंवा दुसऱ्या गटासाठी खरेदी असेल तर. वस्तू तीन महिन्यांच्या वर दुकानात असेल तर. आणि पाचवं, दिवसाची भवानी. सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाला थोडं झुकतं माप द्यायचा आपला जुना प्रघात आहे, तो ठेवला.

नियम असा की, कारण लागू असेल तर गिऱ्हाइकानं मागितलं नाही तरी सूट द्यायची. न बोलणाऱ्या मुलीलाही ती मिळते. आणि कारण लागू नसेल तर कितीही बोललं तरी, नात्यातली असली तरी, नाही. नात्यातल्यांना नाही म्हणणं सर्वांत अवघड गेलं, हे खरं सांगतो. एका जावेचा अबोला अजून चालू आहे.

मग कमी भाव मागणाऱ्यांचं काय?

हातच्या वस्तूला कुणी वेगळाच भाव मागितला आणि कारण कुठलंच बसत नसेल, तर तिला तोडून बोलत नाही. एक चिठ्ठी देतो. तिच्यावर वस्तू, तिचा भाव नि फोन नंबर लिहून डब्यात टाकायचं. पंधरा दिवसांत वस्तू सांगितलेल्या भावाला गेली तर गेली. नाही गेली तर बैठकीत सगळ्यांसमोर डबा उघडतो. तळाच्या वर ज्या चिठ्ठ्या आहेत, त्यातल्या जास्तीत जास्त भाववालीला फोन करतो. तळाच्या खालच्या चिठ्ठ्या वहीत उतरवून ठेवतो.

या वहीनं आम्हाला फार शिकवलं. चार रकाने आहेत. वस्तू, आपला भाव, मागितलेला भाव आणि शेवटी काय झालं. काही महिन्यांनी वही चाळली तेव्हा दिसलं की बाळाच्या मोज्यांना कुणी कधी भावच केला नव्हता. ऐंशी सांगितले की ऐंशी देत होत्या. याचा अर्थ आम्हीच कमी सांगत होतो. शंभर केले, तरी जातात.

तोरणाला मात्र साडेतीनशेच्या आसपास पुष्कळ चिठ्ठ्या होत्या. चारशे ऐंशीचं तोरण साडेतीनशेला देता येणार नव्हतं. पण साडेतीनशे देऊ शकणाऱ्या बायका आहेत, हे तर कळलं! मग अरुंद पट्टीचं तोरण केलं. सामान शंभरचं, दुकानखर्च चौदा, वेळ चार तास म्हणजे एकशे छप्पन्न. तळ दोनशे सत्तर. भाव ठेवला तीनशे तीस. विणणारीला तासाचे तेच एकोणचाळीस मिळाले नि गिऱ्हाइकालाही परवडलं. भाव कमी करण्याऐवजी काम कमी केलं. अडीचशेला मागणाऱ्या त्या बाई पुन्हा आल्या तर त्यांना दाखवायला आता आमच्याकडे काहीतरी आहे.

बोलायचं कसं

शेवटी थोडं बोलण्याबद्दल. हे आम्ही बैठकीत खोटं खोटं गिऱ्हाईक होऊन एकमेकींवर सराव करतो. खूप हसतो, पण उपयोग होतो. तुम्हीही करून पाहा.

‘लास्ट किती?’ विचारलं की लगेच आकडा सांगायचा नाही. आधी वस्तू हातात द्यायची. उलटी बाजू दाखवायची, कारण मशीनच्या कामाची नि हातच्या कामाची उलटी बाजू वेगळी असते. मग विचारायचं, “तुमच्या मनात काय आहे?” आधी त्यांना बोलू द्या.

भाव ऐकल्यावर हसायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. “एवढ्यात कसं जमेल हो!” असं रडत सांगायचंही नाही. सरळ सांगायचं, “ताई, सहा तासांचं काम आहे. चारशे साठला देते. दोन घेतलीत तर नऊशेला देते.” बोहारणीसारखं. खाली उतरायचं तर वर काहीतरी मागायचं. जास्त नग मागा, रोख मागा, नाहीतर शेजारणीला घेऊन या म्हणा.

ताशी हिशोब तोंडी सांगितला की पुष्कळ बायका गप्प होतात. एकदा एका गिऱ्हाइकानं स्वतःच म्हटलं, “मी खुरपायला जाते तर मला यापेक्षा जास्त मिळतात.” आणि तिनं पूर्ण भाव दिला. सगळ्या देत नाहीत. पण आपल्यासारख्याच बायका समोर असतात, त्यांना कष्टाचा हिशोब समजावून सांगावा लागत नाही, दाखवावा लागतो.

आणि तळाला पोचलात की थांबा. “नाही जमणार ताई, पुन्हा या,” एवढंच म्हणा. गिऱ्हाईक जाईल. जाऊ द्या. पहिल्यांदा छातीत धस्स होतं. आमच्या त्या भिडस्त मैत्रिणीनं पहिल्यांदा नाही म्हटलं, तेव्हा गिऱ्हाईक दाराबाहेर जाईपर्यंत तिनं चिठ्ठी हातात घट्ट धरून ठेवली होती. ती बाई परत आली नाही. तोरण पुढे नऊ दिवसांनी दुसरीनं नेलं, चारशे पन्नासला.

सगळं सुरळीत झालंय असं नाही. मशीनचं तोरण आजही दीडशेलाच मिळतं आणि ते घेणारी बाई आमच्याकडे येणार नाही. पावसाळ्यात दोन-दोन दिवस भवानी होत नाही. तेव्हा कुणीतरी म्हणतंच, अगं, दे ना टाकून तळाच्या खाली. अशा वेळी वही काढतो नि विणणारीला विचारतो. ती हो म्हणाली तर देतो. तिच्या मजुरीतून कमी करायचं असेल तर निर्णय तिचा. गल्ल्यावर बसलेलीचा नाही.

आता तुमच्यासाठी एक काम. तुमच्या गटात पापड असो, गोधडी असो, शेवया असोत, एकच वस्तू घ्या. पुढच्या बैठकीच्या आधी तिचा हिशोब मांडा. सामान, दुकानाचा किंवा प्रवासाचा खर्च, आणि तुमचे तास. तासांच्या पुढे शून्य लिहू नका. आलेला आकडा चिठ्ठीवर लिहून वस्तूच्या मागे लावा.

मग गिऱ्हाईक ‘लास्ट किती?’ म्हणालं की राग येणार नाही. त्याला बोलू द्या. तुमचं लास्ट तुम्हाला ठाऊक असेल.